कांद्यातले हिरवे ठिपके

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मनीषा पगार कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांद्याला इंजेक्शन देत होती. कांद्याला घाबरायचं काही कारण नव्हतं. जी काही भीती होती, ती सगळी मनीषाच्या बाजूला होती. तीन दिवसांनी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, विद्यापीठाची समिती येणार होती आणि तोवर या कांद्यात काही दिसलं नाही, तर तिची पीएच.डी.ची नोंदणी रद्द होणार होती. पाच वर्षं संपली होती. सहावं द्यायचं की नाही, हे समितीच्या हातात होतं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण होतं. झाडाच्या पेशीत एक केंद्रक असतं. तिथून आरएनएच्या चिठ्ठ्या निघतात आणि पेशीत ठिकठिकाणी जाऊन 'इथे अमुक बनवा, तिथे तमुक बनवा' असा निरोप देतात. या चिठ्ठ्या जिवंत पेशीत कुठल्या वाटेनं जातात आणि कुठे थांबतात, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. चिठ्ठी स्वतः काही दिसत नाही, म्हणून तिच्या शेपटाला हिरवं चमकणारं एक प्रथिन अडकवायचं. त्यासाठी लागणारी जनुकं जिवाणूंच्या पाठीवर बसवून, सुई काढलेल्या सिरिंजनं कांद्याच्या पाकळीत दाबून भरायची. दोन दिवसांनी पाकळीचा पातळ पापुद्रा सोलून निळ्या प्रकाशात पाहिला, की काळ्याकुट्ट पेशीत हिरवे ठिपके चालताना दिसायला हवेत. परदेशातल्या लोकांना दिसत होते. मनीषाला चार महिने नुसता काळोख दिसत होता.

कांदे पुंजारामच्या घरच्या कांदाचाळीतले होते. पुंजाराम म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई. निफाडकडून रोज एसटीनं यायचा आणि येताना मनीषासाठी पिशवीतून निवडक उन्हाळ कांदा आणायचा. हे सगळं कशासाठी चाललंय, ते त्यानं एकदा तिला विचारलं होतं आणि तिनं चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली होती.

"म्हंजे माझंच काम की वो म्याडम," तो म्हणाला होता. "प्रिन्सिपलची चिठ्ठी घ्यायची अन् बरुबर त्या मास्तरच्या हातात द्यायची."

"अगदी तेच."

"मंग दिसंना कशा त्या? मी तर दिवसभर समद्यांना दिसतो. काम नसलं तरी दिसतो."

घरीही या कांद्यांनी कमी ताप दिला नव्हता. सासूबाई, गोजराबाई, स्वभावानं गरीब, पण कॉलनीतल्या बायकांच्या प्रश्नांपुढे त्यांचा निभाव लागेना. "अगं मनीषा, त्या विचारतात, तुमची सून कांद्याला कसली लस देते म्हणून. मी सांगितलं, पोलिओची. दुसरं काही सुचलंच नाही बघ." नवरा कुंदन अंबडच्या कारखान्यात पाळीवर होता. त्याचं म्हणणं एकच होतं, की जे दिसत नाही ते बघायला पाच वर्षं घालवण्यापेक्षा एखादं दिसणारं घ्यायला हवं होतं.

दोन हजार आठ साल होतं. कॉलेजला सरकारी अनुदानातून मिळालेला तो मोठा सूक्ष्मदर्शक आतल्या खोलीत राहायचा आणि त्याच्या नावानं तिथे बारा महिने एसी चालायचा. मनीषाचे मार्गदर्शक अहिरराव सर त्या यंत्राला इतके जपत, की खोलीत जाणाऱ्यानं स्वेटर घालावा पण एसीला हात लावू नये, असा त्यांचा दंडक होता. इंजेक्शन दिलेले कांदेही तिथेच एका डब्यात राहायचे. यंत्राला जोडलेला कॅमेरा दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला गेला होता आणि अजून परत यायचा होता. म्हणजे समितीला फोटो दाखवून भागणार नव्हतं. जे काही असेल ते प्रत्यक्ष डोळ्यांनी दाखवायला लागणार होतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

नवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. सरांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं, "पूजा बाहेर हॉलमध्ये. तराजू, ओव्हन, साधे सूक्ष्मदर्शक, कशाला हवं त्याला झेंडू वाहा. आतल्या खोलीत मात्र कुंकवाचा एक कण जाता कामा नये. काय पुंजाराम?"

"व्हय सर," पुंजाराम म्हणाला. पूजा झाली, पेढे वाटले, सगळे लवकर घरी गेले. खोल्यांना कुलूप लावायला नेहमीप्रमाणे पुंजाराम मागे राहिला.

दसऱ्याला कॉलेजला सुट्टी होती, पण कांद्याला दोन दिवस पुरे होत होते. "दहा वाजेपर्यंत येते, आल्यावर पुरीचं पीठ मळते," असं सासूबाईंना सांगून मनीषा आठ वाजता प्रयोगशाळेत पोहोचली. सवयीनं स्वेटर चढवला आणि आत गेली. पाच मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला. समितीच्या धास्तीनं आता असा घामही फुटायला लागला, असं वाटून ती आणखी घाबरली. काचपट्टीवर तिनं बाटलीतलं पाणी थेंबभर घेतलं, त्यात कांद्याचा पापुद्रा पसरला, वर पातळ काच ठेवली, दिवा लावला आणि नेहमीचा काळोख पाहायची तयारी करून डोळा लावला.

काळोखात एक हिरवा ठिपका चालत होता.

तिनं डोळा काढला, चोळला, परत लावला. आता तिथे तीन होते. एक पेशीच्या कडेकडेनं चालला होता, दुसरा मध्येच घुटमळत होता, तिसरा दुसऱ्याच्या मागे निघाला होता. काच सरकवली तर पुढच्या पेशीत आणखी आठ. मनीषाला रडू फुटलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला त्या खोलीत आनंदानं रडू आलं होतं आणि डोळे पुसायला स्वेटरची बाही उपयोगी पडली.

फोन केल्यावर पंधरा मिनिटांत अहिरराव सर आले. स्कूटरची पूजा अर्धवट टाकून आले होते, त्यामुळे हँडलच्या एकाच बाजूला हार लोंबत होता. सरांनी डोळा लावला आणि चक्र पुढेमागे फिरवत राहिले.

"मनीषा," शेवटी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जिंकलीस पोरी."

"सर, अजून एकदा नीट तपासून बघते. मग सांगू या कुणाला सांगायचं ते."

"आता काय तपासायचं? चार महिने तपासतेच आहेस की!" आणि सरांनी खिशातून मोबाईल काढला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. पहिला फोन त्यांनी गोटीराम नानांना लावला. नाना संस्थेचे अध्यक्ष. निफाडला त्यांची द्राक्षबाग आणि कांद्याची पाच-सहा बिघे जमीन होती. कॉलेजमध्ये काय शिकवतात ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं, पण कांदा म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले.

"कांद्यात काय निघालं म्हनता सर?"

"आरएनए, नाना! हिरवा, चालणारा! जिवंत पेशीत!"

"त्यानं कांदा टिकंल का?"

"टिकेल, नाना, पुढेमागे नक्की टिकेल," सर म्हणाले. एवढ्या आनंदात नाही कोण म्हणणार?

संध्याकाळी दसऱ्याच्या मेळाव्यात नानांनी माईक हातात घेतला आणि आपल्या कॉलेजात कांद्याच्या पोटात धावणारा हिरवा कण सापडल्याचं जाहीर केलं. सोनं द्यायला मनीषाच्या घरी येणारे लोक आपट्याची पानं हातात ठेवायच्या आधी तोच विषय काढू लागले. तो कण खाल्ला तर चालतो का, असं एकानं विचारलं. गोजराबाईंनी पोलिओचं प्रकरण परस्पर मिटवून टाकलं आणि "आमच्या मनीषानं कांद्यातलं काहीतरी पकडलंय" असं अभिमानानं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्थानिक पेपरात चौकट आली, 'निफाडच्या कांद्यात धावता हिरवा कण, आज तज्ज्ञांची पाहणी'. कुंदननं पाच अंक विकत आणले. त्यातला एक तो कारखान्यात नेणार होता, बाकीचे चार कशाला आणले ते त्यालाही माहीत नव्हतं.

मनीषा ओट्याशी उभी राहून कुंदनच्या डब्यासाठी कांदा चिरत होती. एकादशी होती, सासूबाईंचा उपास होता, म्हणून कांद्याची सुरी वेगळी, फळी वेगळी. अर्धा कांदा चिरून झाला आणि तिचा हात थांबला. हा साधा कांदा. याला तिनं काही टोचलं नव्हतं. आणि इंजेक्शन न दिलेला साधा कांदा काल तिनं काचेखाली धरून पाहिलाच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती स्वतः शिकवायची, की औषध दिलेलं बघायच्या आधी न दिलेलं बघा. आनंदाच्या भरात तेच राहून गेलं होतं.

"अहो, डबा आईंकडून भरून घ्या," असं म्हणून तिनं उरलेला अर्धा कांदा पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

साडेआठला तिनं पर्समधल्या कांद्याचा पापुद्रा काचेखाली ठेवला. हिरवे ठिपके चालत होते. झोकात चालत होते. तिनं दुसरी काचपट्टी घेतली, कांदा घेतलाच नाही, नुसतं बाटलीतलं पाणी ठेवलं. ठिपके त्यातही चालत होते. मनीषा स्टुलावर बसली. समिती अकराला येणार होती. नाना येणार होते. पेपरवाले येणार होते. तिनं बाटली उचलून उजेडात धरली. पाणी अगदी कळेल न कळेल असं पिवळट होतं.

"पुंजाराम!"

पुंजाराम बाहेर फरशी पुसत होता. तो आला, त्यानं मनीषाच्या हातातली बाटली पाहिली आणि फडकं खांद्यावर टाकून मान खाली घातली. त्याला विचारायची गरजच उरली नाही.

"म्याडम, बाहेरच्या त्या दीडदमडीच्या तराजूला पूजा अन् एवढ्या मोठ्या यंत्राला उपाशी ठिवायचं, हे माझ्या जिवाला पटंना. समिती येनार म्हनल्यावर तर आजाबात पटंना. तुमच्यासाठीच केलं वो."

"काय काय केलंस?"

"लय काय नाय. जरा हळद, जरा कुकू. शुद्ध पानी पायजे म्हनून ही बाटली घेतली. बोटं बुडवून चार थेंब यंत्रावर शिंपडले. एक निरांजन लावलं. मंग सर वरडतील म्हनून समदं पुसून घेतलं. लय बारकाईनं पुसलं."

"आणि बाटली?"

"बाटली कशाला पुसायची? ती तर पान्याचीच व्हती."

हळदीचा कण निळ्या प्रकाशात हिरवागार चमकतो, हे वनस्पतिशास्त्राच्या बाईला कुणी सांगायला नको होतं. पाण्यात तरंगणारे तेच कण काल तिच्या पेशींवरून फिरत होते आणि ती त्यांच्या वाटा वहीत काढून ठेवत होती. वहीची सात पानं भरली होती. हळद पिऊन एका दिवसात गोरं व्हायचं म्हणतात, इथे हळद नुसती बघून तिची पीएच.डी. एका दिवसात झाली होती.

नऊ वाजता सर आले, ते सूट घालून. सगळं ऐकल्यावर त्यांनी टाय सैल केला, पुंजारामकडे एक जळजळीत नजर टाकली आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"एक विचारू का मनीषा? समितीच्या नसीम मॅडमना हे कळायचं काही कारण आहे का?"

"सर!"

"नाही, मी आपलं बोलून पाहिलं." सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मग एकदम थांबले. "मला इतकं का उकडतंय?"

तिघांनी मिळून एसीकडे पाहिलं. एसी बंद होता.

"निरांजन विझत व्हतं वाऱ्यानं," पुंजाराम अगदी बारीक आवाजात म्हणाला. "अन् मंग चालू करायचं ध्यानातच नाय राह्यलं."

म्हणजे दोन दिवस कांदे उबेत होते. मनीषानं धावत जाऊन डबा उघडला. टोचलेल्या कांद्यांपैकी बहुतेक मऊ पडून वास मारायला लागले होते. एकच बरा होता. पुढचा दीड तास त्या खोलीत जी धुणीपुसणी झाली, तशी दिवाळीतही होत नाही. बाटल्या बदलल्या, काचपट्ट्या नव्या काढल्या, यंत्राची काच न् काच स्पिरिटनं पुसली. पुंजारामला दाराबाहेर उभं केलं आणि हात खिशात ठेवायला सांगितलं. मग मनीषानं त्या शेवटच्या कांद्याचा पापुद्रा अलगद सोलला. तो कांदा एवढा नरमला होता, की एकच धड पापुद्रा निघाला, बाकीचे फाटले.

तिनं डोळा लावला. ठिपके होते. काल होते तेवढे नाहीत, तेवढे झगमगीतही नाहीत, पण होते. एका पेशीत तिनं सात मोजले. मग घरच्या साध्या कांद्याचा पापुद्रा घेतला. एवढं पुसूनही त्यात दोन ठिपके निघाले, म्हणजे हळद अजून कुठेतरी उरली होतीच.

"सात वजा दोन पाच!" सर म्हणाले. "पाच आपले!"

"पण कुठले पाच, सर?"

कालपर्यंत तिच्याकडे काहीच नव्हतं, तेव्हा निदान झोप तरी लागायची. आता कदाचित सगळं काही होतं आणि कदाचित नुसता स्वयंपाकाचा मसाला होता, आणि यातलं खरं काय ते सांगता येत नव्हतं. खाली गाड्यांची दारं वाजली.

नसीम इनामदार मॅडम बारीक अंगाच्या, सुती साडीतल्या बाई होत्या. इतकं हळू बोलायच्या, की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागायचं. त्यांच्यासोबत समितीचे आणखी दोघे होते, त्यांच्यामागे गोटीराम नाना, नानांमागे पेपरवाला, त्याचा फोटोग्राफर आणि निफाडहून आलेले सात-आठ शेतकरी. फेटा सावरत नाना सरळ यंत्रापाशी गेले.

"नाना, आज एकादशी," कुणीतरी मागून म्हणालं. "कांद्याला हात नाय लावायचा."

"खायचा नाय. बघायला काय हरकत हाय?" नानांनी एक डोळा घट्ट मिटला आणि दुसरा यंत्राला लावला. "दिसला! आरं काय पळतोय गडी! दिसला!"

"नाना, दिवा अजून लावलेला नाही," मनीषा म्हणाली.

नाना बाजूला झाले. नसीम मॅडम पुढे आल्या, चष्मा कपाळावर सरकवला. सरांनी मनीषाकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मनीषाला नीट कळलं, कारण तिच्याही मनात तेच होतं. गप्प राहिलं तर मॅडम सात ठिपके बघतील, सही करतील, पुण्याला जातील. तिला घरी वाट पाहणाऱ्या सासूबाई आठवल्या, पेपराचे पाच अंक आठवले. आणि वहीतली ती सात पानं आठवली.

"मॅडम, त्यात हळद आहे," ती म्हणाली.

दाराबाहेर पुंजारामनं खिशातले हात काढून तोंडावर धरले. मनीषानं एका दमात सगळं सांगून टाकलं, नवमी, निरांजन, बाटली, कालचे ठिपके, सात आणि दोन. पुंजारामचं नाव मात्र घेतलं नाही. "आमच्याकडून पूजा झाली," एवढंच म्हणाली. सर खिडकीतून बाहेर बघत होते. पेपरवाल्यानं लिहायचं थांबवलं.

"म्हणजे यात तुमचे ठिपके आहेत की नाहीत, हे तुम्हाला माहीत नाही," नसीम मॅडम हळूच म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"मग माहीत करून कसं घेणार?"

हाच प्रश्न मनीषा सकाळपासून स्वतःला विचारत होती. पण कुणी शांतपणे, न रागावता विचारला, की त्याच प्रश्नाचं उत्तर कधीकधी सापडतं. आरएनएची चिठ्ठी आपल्या पायानं चालत नाही. जिवंत पेशी तिला वाहून नेते. पेशी मेली की चिठ्ठी जागच्या जागी थांबणार. हळदीला मात्र पेशी जगली काय आणि मेली काय, कशाचंच सोयरसुतक नाही. पाण्यात आहे तोवर ती भटकतच राहणार.

"पेशी मारून बघते," मनीषा म्हणाली.

"अगं, एकच पापुद्रा आहे!" सर खिडकीतून वळून जवळजवळ ओरडलेच. "मेला की संपलं! दाखवायला काहीच उरणार नाही!"

"तेच बघायचंय सर."

पेशीचा श्वास बंद पाडणारं एक औषध कपाटात असतं. त्याचा थेंब तिनं काचेच्या एका कडेला सोडला आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावला, म्हणजे औषध आत ओढलं जातं. दोनदा थेंब चुकला. मग तिनं मॅडमना बसायला जागा करून दिली. स्वतः बघायची तिची हिंमत नव्हती.

नसीम मॅडमनी डोळा लावला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. शेतकरी पाय न वाजवता उभे होते, त्यातल्या एकानं खोकला आला तो गिळून टाकला. मनीषा मॅडमच्या पाठीकडे बघत होती आणि सहावं वर्ष मिळालं नाही तर घरी आधी कुणाला सांगायचं, याचा हिशेब मनात करत होती.

"अजून फिरताहेत," मॅडम म्हणाल्या.

मनीषा एक पाऊल पुढे सरकली. "किती?"

"तीन." मॅडमनी बारीक चक्र थोडं फिरवलं. "बाकीचे थांबलेत."

"थांबलेत?"

"या. तुम्हीच बघा."

मनीषानं बघितलं. हळदीचे तीन ठिपके उनाडासारखे हिंडत होते. बाकीचे चार पेशीतल्या एका बारीक रेषेवर, जिथे होते तिथे, गपगार थांबले होते. जिथे निघाले होते तिथे पोहोचायच्या आतच थांबले होते.

"थांबले!" मनीषा किंचाळली. "सर, थांबले! मेले सगळे!" आणि तिनं तोंड ओंजळीत धरून हुंदके द्यायला सुरुवात केली.

नानांना जे समजायचं ते समजलं. त्यांनी फेटा काढून हातात घेतला. मागच्या शेतकऱ्यांनी माना हलवल्या. फोटोग्राफरनं, एकही फोटो न काढता, कॅमेरा पिशवीत भरला. नाना पुढे आले आणि मनीषाच्या डोक्यावर हात ठेवला.

"नको रडू पोरी. कांद्याचं असंच हाय. आम्ही चाळीत भरला तरी निम्मा मरतो. पुढच्या साली पुन्हा लाव."

"नाना, अहो..." सर सांगायला गेले आणि मध्येच थांबले. ते नसीम मॅडमकडे बघत होते. मॅडमनी पर्समधून पेन काढलं होतं आणि समितीच्या कागदावर काहीतरी लिहीत होत्या. 'मुदतवाढ एक वर्ष', एवढं मनीषाला उलटं वाचता आलं. त्याच्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, 'कांदे एसीत ठेवू नयेत'.

"इतकी थंडी असेल तर कोण चिठ्ठ्या लिहील?" कागद तिच्या हातात देताना त्या म्हणाल्या. "चार महिने बिचारे कुडकुडत होते."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळी होत्या, 'कांद्यातील हिरवे कण अचानक थांबले. प्राध्यापिकेला अश्रू अनावर'. कुंदननं या वेळी एकच अंक आणला आणि तोही घडी घालून सोफ्याच्या गादीखाली ठेवला. दुपारी कॉलनीतल्या बायका हळूहळू येऊ लागल्या. पदर सावरून, आवाज खाली करून बसल्या. पाच वर्षं फुकट गेली बाई, एवढं शिकून काय उपयोग झाला, असं एकमेकींत कुजबुजल्या.

मनीषा आतून ताट घेऊन आली आणि प्रत्येकीच्या हातावर दोन-दोन पेढे ठेवू लागली.

"अगं, हे काय?" गोजराबाईंनी तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठून दबक्या आवाजात विचारलं. "बंद पडल्याचे कुणी पेढे वाटतं का?"

"आई, थांबले म्हणून तर वाटतेय."

गोजराबाईंनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. सुनेच्या डोक्यावर बहुतेक परिणाम झालेला दिसत होता, पण एवढी हसरी ती गेल्या पाच वर्षांत दिसली नव्हती. त्यांनी ताट आपल्या हातात घेतलं, बाहेर गेल्या आणि तोंडं पाडून बसलेल्या बायकांना म्हणाल्या, "घ्या गं, घ्या. आमचं थांबलं एकदाचं."